मध्ये पडायचं?

माझा दादा पोटापाण्यासाठी प्रश्न विचारतो. तो शिक्षक नाही, वकील नाही, पोलीस तर नाहीच नाही. व्हिडिओ गेम खेळताना मध्येच एक छोटा चौकोन उमटतो आणि त्यात एक प्रश्न असतो, तो चौकोन दादा बनवतो. हे लोकांना समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. मी स्वतः दातांच्या कवळ्या बनवते. कवळी म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं, फार तर तो ओठ मिटून घेतो. पण "आणि तुमचे भाऊ काय करतात?" असं कुणी विचारलं की मी आधी खुर्ची ओढून घेते.

त्याच्या गेममध्ये धावपळ नाही. चार प्रवासी एका नावेतून धुक्यानं भरलेल्या नदीवर चाललेत आणि सगळं आळीपाळीनं होतं. आधी तुमची पाळी, मग धुक्यातून जे कोण येईल त्याची. आपली पाळी संपली की हाताची घडी घालून समोरचा काय करतो ते बघायचं. दादाचा चौकोन नेमका तेव्हा येतो, दुसऱ्याची पाळी चालू असताना. सुटलेला बाण हवेत थांबतो, वल्ह्यावरून गळणारे थेंब थांबतात, आणि चौकोन विचारतो, 'बाण नावाडिणीला लागतोय. मध्ये पडायचं?' एका फेरीत एकदाच मध्ये पडता येतं. पडलात की ती फेरी संपेपर्यंत नुसतं बघत राहायचं. चौकोनाभोवती उजेडाची एक कडा असते, ती हळूहळू मिटत येते. ती पूर्ण मिटेपर्यंत तुम्ही काहीच दाबलं नाही, तर तुमचं उत्तर 'जाऊ दे' असं धरलं जातं.

मला विचाराल तर सगळी मेख त्या शेवटच्या वाक्यात आहे. कारण ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी माझी वहिनी तीन वर्षांसाठी समुद्रापलीकडे निघाली होती. आणि अख्ख्या जगाला 'मध्ये पडायचं का' असं विचारणारा माझा भाऊ तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

दादा मुळातच घुमा. जेवताना त्याचा चमचा हवेत थांबतो आणि तो खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत राहतो. झाडावर काही नसतं. रस्त्यानं चालताना तो कडेच्या भिंतीवरून हलकेच बोट फिरवत चालतो, आणि भिंत संपली की क्षणभर गोंधळून उभा राहतो. त्याच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे माझ्या अंगाची लाही लाही होते. मी पुढे जाऊन भाव करून, पिशव्या भरून परत येते, तरी हा अजून कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत पडलेलं आभाळ बघतोय. मला तो 'ठिणगी' म्हणतो. म्हणू दे.

लहानपणी आईनं त्याला लाल चामड्याचे बूट आणले होते. "चांगल्या दिवशी घालीन," असं म्हणून त्यानं ते कागदात गुंडाळून कपाटावर ठेवले. चांगले दिवस येत गेले, वाढदिवस आले, सहल झाली, मामाचं लग्न झालं. पण दर वेळी त्याला वाटायचं, याहून चांगला दिवस अजून पुढे असेल. शेवटी बूट खाली काढले तेव्हा टाच आत जाईना. ते मग मी झिजवले, तेही चिखलात. बुटांची गोष्ट निघाली की दादा अजून हसतो, पण खिडकीकडे बघून.

त्याचं ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. खाली गाद्या भरायला घेतल्या की कापसाचे बारीक पुंजके जिन्यातून वर तरंगत येतात आणि सगळ्यांच्या कीबोर्डवर, केसांवर, चहावर बसतात. एकदा विसरलेला चष्मा द्यायला मी तिथे गेले होते. दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं, पुंजके त्यात संथ फिरत होते, आणि गेम चाचणीसाठी खेळायला बोलावलेला एक माणूस पडद्यासमोर बसला होता. पावाच्या कारखान्याची गाडी चालवणारा आडदांड गडी. दादा त्याच्या मागे स्टुलावर बसून होता. तो पडद्याकडे बघतच नव्हता. त्या माणसाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"चौकोन आला की अंगठा उचलतो का, अर्ध्यावर थांबतो का, परत खाली येतो का, ते बघायचं," दादा हळूच म्हणाला. घरी ज्याला मीठ मागायला जिवावर येतं, तो तिथे चक्क पूर्ण वाक्य बोलला. मी चाट पडले.

सुरुवातीला म्हणे त्याचा चौकोन प्रत्येक खड्याला, प्रत्येक शिंतोड्याला यायचा. लोक वैतागले. "आता श्वास घेऊ का तेही विचारेल हा!" म्हणू लागले. मग त्यानं विचारणं कमी केलं, लहानसहान गोष्टी गेमनंच आपल्या मनानं ठरवाव्यात असं केलं. तेव्हा नावेतला म्हातारा वैद्य न विचारताच मेला आणि तो पाववाला ओरडला, "मला विचारलं का नाही?" त्याचे डोळे भरून आले होते. नंतर कितीतरी महिने दादा एकाच गोष्टीच्या मागे होता. चौकोन पडद्याच्या मधोमध यायचा आणि नेमका ज्याला मार बसणार त्याचा चेहरा झाकायचा. "ज्याच्यासाठी मध्ये पडायचं, त्याचं तोंड तर दिसायला हवं," तो म्हणे. शेवटी चौकोन खाली डाव्या कोपऱ्यात गेला, अंगठ्याच्या जवळ.

वहिनीचं काम याच्या अगदी उलट. ती प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं फुंकते. नळी निळ्या ज्योतीवर धरून सतत फिरवत राहावी लागते. हात थांबला की काच एका बाजूला लोंबते. "काच मऊ आहे तेवढ्यात काय ते करायचं," ती सांगते, "नंतर नुसती फुटते." तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा एक गुळगुळीत डाग आहे. दादाला तो डाग फार आवडतो. चहा पिताना तो त्यावरून बोट फिरवतो आणि दोघं काही न बोलता बसून राहतात. मी त्या घरात त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिले ती उगाच नाही. त्या दोघांच्या शांततेत बसलं की माझासुद्धा राग उतरतो.

तर समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यानं वहिनीला बोलावलं. अख्खी भट्टी तिच्या हाताखाली, शिकणाऱ्यांना ती शिकवणार, मुदत तीन वर्षं. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. तिनं हे जेवताना सांगितलं, आणि सांगताना ती दादाकडेच बघत होती. दादाचा चमचा हवेत थांबला. मग त्यानं तो अलगद ताटलीत ठेवला आणि म्हणाला, "तुला वाटेल तसं कर. मी तुझ्या आड येणार नाही."

त्याला वाटलं, आपण केवढी मोठी गोष्ट दिली. वहिनीचा चेहरा मात्र कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना ती मला म्हणाली, "मला परवानगी नको होती गं. त्यानं काहीतरी म्हणायचं. भांडायचं. 'मी काय करू इथे तुझ्याशिवाय' एवढं तरी."

मी तडक दादाला गाठलं. "तुला जीभ आहे की नाही?"

"मी थांब म्हटलं तर ती थांबेल," तो म्हणाला. "मग?"

"मग काय?"

"मग माझ्याकडे बघताना दर वेळी तिला ती भट्टी आठवेल."

मी दार आपटलं. वहिनीनं कारखान्याला होकार कळवला. तिकीट आलं. कपाटावरच्या बॅगा खाली आल्या, आणि दादा त्यांच्या कडेकडेनं, त्या जणू आधीपासून तिथेच होत्या अशा थाटात, वावरू लागला. याच दिवसांत एका संध्याकाळी सूप पिताना तो अगदी नवल सांगावं तसं बोलला, "गंमत आहे. बहुतेक लोक मध्ये पडतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, पुढे याहून मोठं संकट आलं तर? म्हणून राखून ठेवतात. आणि फेरी संपून जाते."

"नवल आहे," वहिनी म्हणाली आणि तिनं त्याच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं. मला ठसका लागला. दादा बिचारा माझी पाठ चोळत राहिला. आपण काय बोललो ते त्याच्या गावीही नव्हतं.

त्या रविवारी सकाळी त्यानं मला गेम खेळायला बसवलं. ऑफिसच्या प्रमुख बाईंना, त्यांना सगळे 'कप्तान' म्हणतात, एखादा असा माणूस हवा होता ज्यानं आयुष्यात गेम खेळलेला नाही आणि ज्याला धीर नाही. दादानं क्षणाचाही विचार न करता माझं नाव दिलं. शेजारच्या खोलीत वहिनी आपली काचेची हत्यारं आणि नळ्या कागदात गुंडाळत होती. दार उघडं होतं. काचेला काच लागल्याचा बारीक आवाज येत होता.

नदी सुरेख होती, हे मान्य करते. धुकं थेट वहिनीच्या दुधी काचेच्या रंगाचं, त्यातून झाडं अर्धीच दिसायची, पाण्याचा आवाज झोपेत ऐकू यावा तसा. नावेत चौघं. ढालवाला, म्हणजे मी ज्याला खेळवत होते तो, वल्ही मारणारी नावाडीण, म्हातारा वैद्य, आणि हातात मशाल घेतलेली एक पोरगी.

"ही कोण भांडकुदळ?" मी विचारलं. "प्रत्येक वाक्याला फणा काढते."

दादा हसला. शेजारच्या खोलीतूनही हसू आलं.

खेळता खेळता माझा आवाज बंद झाला, हे मला नंतर कळलं. नदी एका वळणाला आली. तिथे पाण्यातून एक लांब पांढरा हात वर आला. त्यात क्रूरपणा काही नव्हता, झोपलेल्याला उठवावं तसा हलका. त्यानं नावाडिणीला धरलं आणि सगळं थांबलं. चौकोन आला. 'नदी नावाडिणीला नेतेय. मध्ये पडायचं?' खाली दोन बटणं होती, 'तिला थांबव' आणि 'जाऊ दे'.

तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ती घाबरलेली नव्हती. ती ढालवाल्याकडे बघत होती.

"थांबवलं तर?" मी विचारलं.

"राहते. पण त्यापुढे ती गात नाही, आणि तिचं वल्हं निम्म्या जोरानं चालतं."

"आणि जाऊ दिलं तर?"

"तर जाते."

मी बसून राहिले. कडा मिटत मिटत गेली, चौकोन विझला, आणि नावाडीण पाण्याबरोबर धुक्यात शिरली. माझं डोकंच फिरलं. "हा काय फाजीलपणा आहे? मी 'जाऊ दे' कधी म्हटलं?"

"तू काहीच म्हटलं नाहीस."

"कारण मला हवं ते बटणच नव्हतं! मला तिला थांबवायचं नव्हतं, जाऊही द्यायचं नव्हतं. मला तिच्याबरोबर जायचं होतं. ते बटण कुठाय?"

शेजारच्या खोलीतला काचेचा आवाज थांबला.

"ते नाही," दादा म्हणाला.

"का नाही?"

"मग नावेत उरलेल्यांचं काय?"

"उरलेले बघतील आपलं आपण," मी म्हणाले. "लहान आहेत का ते?"

दादा माझ्या अंगठ्याकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, हा चाचणीचा भाग असेल.

तिसऱ्या प्रहरी मी वहिनीला बॅग भरायला मदत करत होते. दादा दारात येऊन उभा राहिला. चौकटीवर बोट फिरवत म्हणाला, "मी पण येऊ का? म्हणजे, तुला चालणार असेल तर. तुझ्या कामात अडचण नसेल तर..."

"माझ्यापुढे चौकोन नको मांडूस," वहिनी मान खाली घालूनच म्हणाली.

खोलीत सगळंच थांबलं. माझ्या हातातला कागद, वहिनीच्या हातातली नळी, खिडकीतून येणाऱ्या उजेडातली धूळसुद्धा. मला किंचाळावंसं वाटत होतं, पण मी जीभ चावून धरली. त्याचं बोट चौकटीच्या टोकाशी आलं.

"मी येतोय," तो म्हणाला.

वहिनी मटकन बॅगेवर बसली. आत काहीतरी तडकलं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "मग तिकीट काढ," म्हणाली, "बावळटा."

मी तर टाळ्या पिटल्या. दोघांना चहा करून दिला, घुम्याला बोलतं केल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. आणि मग कप विसळताना तिसरा कप हातात आला. माझा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की नावेत उरलेले म्हणजे मीच.

सकाळी दादानं विचारलं, "ठिणगे, तुझं काय?"

"माझं काय? मी लहान आहे का?" मी फाडकन म्हणाले आणि कामावर गेले. तिथे प्लास्टरच्या दातांची एक अख्खी रांग समोर मांडलेली होती. त्या दातांसमोर बसून मी पोटभर रडले. ते सगळे आपले हसत होते. मला दादा जायला हवा होता आणि मला तो जायला नको होता. दोन्ही खरं होतं.

कप्तानांनी त्याला तिकडून काम करायची मुभा दिली. "तिसरं बटण घालायचं म्हणजे अर्धी नदी नव्यानं खोदावी लागेल," असं त्या कुरकुरल्या म्हणे, पण नाही म्हणाल्या नाहीत.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी. सगळं सामान चढलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी वहिनीनं तिची पानांची कुंडी माझ्या हातात दिली. "हिला सावलीत ठेव. आणि हिच्यावर ओरडू नकोस." कुंडी जड होती, दोन्ही हातांनी धरावी लागली. टॅक्सी निघाली. वळणावर दादानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला, कितीतरी वेळ, टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत. मला हात हलवता येईना. मी कुंडीच थोडी वर उचलली. एवढ्या लांबून त्याला ते काय दिसणार, असं मनात म्हणत मी आत आले.

घर मोठं झालं. मी रेडिओ मोठ्यानं लावू लागले, भाजीवाल्याशी विनाकारण हुज्जत घालू लागले. फोनवर दादा आपला "बरं आहे" आणि "हो" यांवरच भागवायचा. बातम्या वहिनीकडूनच कळायच्या. तो रोज धक्क्यापर्यंत चालत जातो, तिथे कठड्यावरून बोट फिरवतो, बोटी धुक्यात शिरताना बघतो. परवा भांडला म्हणे तिच्याशी, पडद्यांच्या रंगावरून. हे सांगताना तिचा आवाज असा खुलला होता, की मीही इकडे वेड्यासारखी हसत बसले.

गेम पुढच्या हिवाळ्यात तयार झाला. दादाचा निरोप आला, दोनच शब्दांचा, 'सावकाश खेळ.' मला सांगणारा हा कोण? पण खेळले सावकाश.

वळण आलं. पांढरा हात आला, चौकोन आला, आणि या वेळी खाली तीन बटणं होती. तिसऱ्यावर लिहिलं होतं, 'सोबत जा'. मी ते दाबलं. सुरुवातीपासून छातीशी धरलेली ती ढाल ढालवाल्यानं नावेत ठेवून दिली आणि पाण्यात उडी मारली. दोघं धुक्यात शिरली. मला वाटलं, आता गेम त्यांच्यामागे जाईल. गेला नाही. तो नावेतच थांबला, त्या भांडकुदळ पोरीपाशी. वैद्य तिच्यामागे डुलक्या काढत होता. तिच्या एका हातात मशाल होती आणि दुसऱ्या हातात ती ढाल. जाणाऱ्यांकडे ती नुसती बघत होती. ढाल तिनं थोडीशी वर उचलली.

म्हणजे त्याला दिसलं होतं.

आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक चौकोन आला, तिचा चेहरा न झाकता. 'हातातलं खाली ठेवून हात हलवायचा?'

मी कडेकडे बघत राहिले. कडा नव्हतीच. मिटायला काही नव्हतं. मी उठले, चहा ठेवला, प्यायले, कामावरून घरी आणलेल्या एका कवळीला शेवटचा हात मारून आले. चौकोन तिथेच होता. नदी थांबलेली, थेंब थांबलेले, तो पोरीची वाट बघत होता. खिडकीत सावलीला वहिनीची कुंडी होती. तिच्यावर मी इतक्या दिवसांत एकदाही ओरडले नव्हते.

मी बसले आणि 'हो' दाबलं.

पोरीनं मशाल नावेच्या कडेला खोचली, ढाल पायाशी ठेवली, आणि हात वर केला. गुण मिळाले नाहीत, ताकद वाढली नाही, काहीच झालं नाही. फक्त पार लांब, धुक्यात, दोन हात वर आले आणि हलत राहिले. आणि त्या रिकाम्या खोलीत, भर दुपारी, मीही माझा हात वर करून हलवत बसले.